कॉसमस : कल्याणच्या बिशपांची नोंद ठेवणारा व्यापारी



आपल्या पत्रिकेत आपण बहुधा संतांची आणि हुतात्म्यांची चरित्रे वाचतो. आज ज्या माणसाची ओळख करून घेणार आहोत, तो संत नव्हता आणि हुतात्माही नव्हता. तो सहाव्या शतकातील एक व्यापारी होता. उतारवयात तो मठवासी झाला आणि त्याने एक मोठे पुस्तक लिहिले. जो सिद्धान्त मांडण्यासाठी त्याने हा सारा खटाटोप केला, तो सिद्धान्त साफ चुकीचा ठरला. परंतु त्याच पुस्तकात त्याने जाता जाता एक वाक्य लिहून ठेवले आहे. ते नसते तर मुंबई-ठाणे परिसरातील ख्रिस्ती इतिहासाचे पहिले पान कोरेच राहिले असते. या माणसाचे नाव कॉसमस. इतिहासात तो कॉसमस इंडिकोप्लुस्टस, म्हणजे समुद्रमार्गे हिंदुस्थानला जाणारा कॉसमस, या नावाने ओळखला जातो.

हे नाव त्याने स्वतः लावून घेतलेले नाही. ते आपल्याला प्रथम अकराव्या शतकातील हस्तलिखितांत आढळते. पुस्तकाच्या आरंभी त्याने स्वतःची ओळख दिली आहे ती फक्त लेखक ख्रिस्ती आहे एवढीच. आईवडील कोण, घराणे कोणते, जन्म कधीचा, यांपैकी काहीही त्याने सांगितलेले नाही. त्याचे चरित्र आपल्याला त्याच्या लिखाणातूनच वेचून काढावे लागते.

अलेक्झांड्रियाचा बाजार आणि बाजारातील मोड

कॉसमस इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या बंदरातला. त्या काळी हे शहर पूर्व रोमन साम्राज्यात, म्हणजे ज्याला आपण आज बायझंटाइन साम्राज्य म्हणतो त्यात होते. राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचे इस्तंबूल. इजिप्तचे धान्य अलेक्झांड्रियातून राजधानीला जात असे आणि पूर्वेकडची मिरी, हस्तिदंत, रेशीम तांबड्या समुद्राच्या वाटेने येत असे.

अशा शहरातील साध्या माणसाचा दिवस कशावर चालत असे? सुट्ट्या पैशांवर. ही गोष्ट आपल्याला सांगायला नको. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना पै, पैसा आणि आणा आठवत असेल. एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा गिरगाव-लालबागच्या वाण्यांकडे हिशेबाचा किती गोंधळ उडाला हे घराघरांतून सांगितले जाते. ३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली.

असाच एक मोठा बदल कॉसमसच्या पिढीने अनुभवला. पाचव्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्यातील सुट्ट्या नाण्यांची अगदी दैना झाली होती. नुम्मुस नावाचे ब्राँझचे नाणे इतके बारीक झाले होते की, ते नखाएवढे दिसे आणि वजनाला जेमतेम एक ग्रॅम भरे. भाजी-भाकरीलासुद्धा ही नाणी मूठ मूठ मोजावी लागत. म्हणून अशा नाण्यांच्या पिशव्या मोहोरबंद करून त्याच एका हातातून दुसऱ्या हातात दिल्या जात. अशा पिशवीला फोलिस म्हणत.

इ. स. ४९८ मध्ये सम्राट अनास्तासियस यांनी या गोंधळावर उपाय केला. त्यांनी ४० नुम्मुस किमतीचे एक ठसठशीत ब्राँझचे नाणे पाडले. त्यावर मागच्या बाजूला ग्रीक अक्षर म्यू कोरले. हे अक्षर इंग्रजी एमसारखे दिसते आणि ग्रीक आकडेमोडीत त्याचा अर्थ ४० असा होतो. २० साठी कप्पा, १० साठी योटा आणि पुढे ५ साठी एप्सिलॉन. पिशवीचे फोलिस हे नाव आता या नाण्याला मिळाले. आपल्याकडच्या ढब्बू पैशासारखेच ते हाताला जाणवणारे नाणे होते. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही एका अक्षरावरून किंमत कळू लागली. सम्राटाचे लष्करी विजय लोक विसरले, पण गरिबाची मोजदाद सोपी करणारी ही नाणी शेकडो वर्षे चालली.

अलेक्झांड्रियाची तऱ्हा मात्र निराळी होती. तेथे १२ नुम्मुसचे जाडसर, लहान नाणे चाले. सम्राट जस्टिनियन यांच्या काळातील अशा नाण्यांवर योटा आणि बीटा ही १२ दाखविणारी दोन अक्षरे आणि त्यांच्या मधोमध क्रूस असे. प्रभू येशूची प्रतिमा नाण्यावर यायला अजून शंभराहून अधिक वर्षे बाकी होती. पण क्रूस रोजच्या व्यवहारात, कोळिणीच्या आणि हमालाच्या हातात, केव्हाच पोहोचला होता.

या छोट्या नाण्यांच्या वर होते सोन्याचे नाणे. त्याला लॅटिनमध्ये सॉलिडस आणि ग्रीकमध्ये नोमिस्मा म्हणत. वजन सुमारे साडेचार ग्रॅम. जस्टिनियनच्या कारकिर्दीत सराफ एका सोन्याच्या नाण्याला १८० फोलिस देत असत, पूर्वी ते २१० देत. याचा अर्थ एका सोन्याच्या नाण्यात ७,२०० नुम्मुस. सोने कर भरायला, सैन्याच्या पगाराला आणि परदेशी व्यापाराला लागे. ब्राँझ रोजच्या भाकरीला लागे. कॉसमस दोन्ही जगांत वावरला.

समुद्रावर

कॉसमस स्वतः सांगतो की, त्याने तीन समुद्रांतून प्रवास केला : भूमध्य समुद्र, अरबस्तानचा समुद्र आणि इराणचे आखात. एकदा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे, खुल्या महासागराच्या तोंडाशी जहाज पोहोचले असता मोठमोठ्या पक्ष्यांचे थवे त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागले. हवा अंधारून आली. जुन्या खलाशांनी ओळखले की आपण महासागराच्या फार जवळ आलो आहोत, आणि सुकाणू डावीकडे वळवण्यासाठी सर्वांनी एकच आरडाओरडा केला. जहाज वळले आणि माणसे वाचली. ते पक्षी बराच काळ त्यांच्या मागोमाग येत राहिले, अशी आठवण त्याने लिहून ठेवली आहे.

इ. स. ५२५ च्या सुमारास तो तांबड्या समुद्राच्या काठावरील अदुलिस या बंदरात होता. हे बंदर अक्सूमच्या ख्रिस्ती राज्याचे. आजच्या इथिओपिया आणि एरिट्रियात हे राज्य पसरले होते. तेथील राजा कालेब येमेनवर स्वारीची तयारी करीत होता. अदुलिसमध्ये संगमरवरी सिंहासन आणि त्याच्यामागे एक शिळा होती आणि दोन्हींवर ग्रीक लेख होते. राजाला त्या लेखांची नक्कल हवी होती. हे काम कॉसमस आणि मेनास नावाच्या त्याच्या सोबत्यावर सोपविण्यात आले. दोघांनी लेख उतरवून राजाच्या अधिकाऱ्याकडे दिले, आणि कॉसमसने एक प्रत स्वतःजवळ ठेवली. मेनास पुढे मठवासी झाला. ते सिंहासन आणि ती शिळा आज अस्तित्वात नाहीत. जगाला ते लेख माहीत आहेत ते केवळ या व्यापाऱ्याच्या प्रतीमुळे.

अक्सूमची स्वतःची नाणी होती हेही येथे सांगितले पाहिजे. चौथ्या शतकात राजा एझाना ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर क्रूस आला. तेथील काही ब्राँझच्या नाण्यांवर मोठी सुंदर गोष्ट आढळते. राजाच्या पराक्रमाची बढाई मारण्याऐवजी हे नाणे प्रजेला आवडो, अशी इच्छा त्यांवर कोरलेली आहे. काही लहान नाण्यांवरच्या क्रूसाभोवती सोन्याचा मुलामा दिलेला आहे. गरिबाच्या हातातील नाण्यावर एवढी मेहनत घेणारे राज्यकर्ते इतिहासात फार थोडे.

कल्याण

आता आपल्या घराजवळ येऊ. कॉसमसने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची यादी दिली आहे. सिंधू नदीच्या मुखाकडून सुरुवात करून तो सौराष्ट्राकडे येतो, मग कल्लियाना, मग सिबोर आणि त्यानंतर मिरीचा देश माले, म्हणजे मलबार. सिबोर म्हणजे आपले रेवदंड्याजवळचे चौल. यादीचा हा क्रम पाहता कल्लियाना म्हणजे उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण, असे बहुतेक इतिहासकार मानतात. दादरहून फास्ट लोकलने आपण तासाभरात जेथे उतरतो, तेच हे कल्याण. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावे आहेत. म्हणजे कॉसमसच्या कितीतरी आधीपासून हे बंदर नांदते होते.

कल्याणहून काय निर्यात होते हेही त्याने सांगितले आहे : तांबे किंवा पितळेसारखा धातू, शिसवी लाकूड आणि कापड. ज्या धातूतून जगभरची मोड घडत होती, तो धातू आपल्या खाडीतून जहाजांवर चढत होता. याच शतकात घारापुरीची लेणी कोरली गेली असे अभ्यासक मानतात. त्या बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची लहान तांब्याची नाणी सापडली आहेत. ती लेणी कोरणाऱ्या कामगारांच्या मजुरीची असावीत, असे काहींचे मत आहे. गेटवेवरून लाँचने घारापुरीला जाताना हे जरूर आठवावे. त्रिमूर्तीकडे सगळेच पाहतात. तिच्यामागे छिन्नी चालवणाऱ्या हातांना तांब्याची नाणी मिळत होती.

आणि आता ते वाक्य. पूर्वेकडे ख्रिस्ती लोक कोठे कोठे आहेत हे सांगताना कॉसमस लिहितो की, तप्रोबेन म्हणजे श्रीलंका बेटात ख्रिस्तसभा आहे, धर्मगुरू आहेत आणि श्रद्धावंत आहेत. त्यापलीकडे आहेत की नाहीत ते आपल्याला ठाऊक नाही, असे तो तेथेच कबूल करतो. मिरी पिकते त्या माले देशात ख्रिस्ती आहेत. आणि कल्लियाना येथे एक बिशप आहेत, त्यांची नेमणूक इराणमधून होते.

एवढेच. बिशपांचे नाव नाही, मंदिराचे वर्णन नाही. कॉसमस स्वतः कल्याणला उतरला की त्याने ही माहिती बंदरा-बंदरांतून ऐकली, याबद्दलही विद्वानांत एकमत नाही. पण सहाव्या शतकात कल्याणला बिशप राहण्याइतका ख्रिस्ती समाज होता, ही गोष्ट त्यामुळे आपल्या हाती आली.

इराणच्या ख्रिस्ती लोकांबद्दल कॉसमसला विशेष माहिती असण्याचे कारण होते. ज्यांच्याकडून तो धर्मशास्त्र शिकला ते मार आबा हे इराणमधून अलेक्झांड्रियाला आले होते. पुढे इ. स. ५४० मध्ये ते पूर्वेकडील ख्रिस्तसभेचे प्रमुख, म्हणजे कॅथॉलिकोस झाले. या ख्रिस्तसभेची उपासना सिरियाक भाषेत चाले. एफेससच्या इ. स. ४३१ च्या धर्मपरिषदेनंतर तिची आणि रोमची वाट वेगळी झाली होती आणि लोक तिला नेस्टोरियन म्हणत. हा दुरावा दीड हजार वर्षे राहिला. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि त्या ख्रिस्तसभेचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी प्रभू ख्रिस्ताविषयीच्या श्रद्धेचे एक संयुक्त निवेदन केले. शब्द वेगळे असले तरी श्रद्धा एकच आहे, असे दोघांनी मान्य केले. कल्याणचे ते अनामिक बिशप आपल्याला आता परके राहिलेले नाहीत.

राजासमोर दोन नाणी

कॉसमसच्या पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट नाण्यांचीच आहे. ती त्याने आपल्या ओळखीच्या सोपात्रोस नावाच्या व्यापाऱ्याची म्हणून सांगितली आहे. सोपात्रोस अदुलिसच्या लोकांबरोबर श्रीलंकेला गेला. त्याच वेळी इराणचे एक जहाजही बंदरात आले. रिवाजाप्रमाणे दोघांना राजासमोर नेण्यात आले. तुमच्यापैकी कोणाचा राजा अधिक थोर, असे राजाने विचारले. इराणी माणसाने लगेच आपल्या शहेनशहाची थोरवी गायली. सोपात्रोस गप्प राहिला. राजाने त्याला पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला की दोन्ही राजे येथेच हजर आहेत, आपणच पाहून ठरवावे. राजा चकित झाला. मग सोपात्रोसने दोघांची नाणी मागवली : रोमन सोन्याचा नोमिस्मा आणि इराणी चांदीचा द्राम. राजाने दोन्ही उलटसुलट करून पाहिली आणि रोमन लोकच थोर असा निर्णय दिला. सोपात्रोसची हत्तीवरून, ढोलताशांच्या गजरात शहरभर मिरवणूक निघाली.

गोष्ट मोठी रंगतदार आहे. पण प्रामाणिक कॉसमस तीत एक बारीक तपशील घालून ठेवतो. तो सांगतो की परदेशी न्यायची सोन्याची नाणी मुद्दाम निवडून, चांगली चकचकीत अशीच नेत असत. म्हणजे राजाने जे पाहिले ते निवडक होते. शिवाय पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी यानेही श्रीलंकेच्या राजाने रोमन नाणी पाहून रोमन लोकांची तारीफ केल्याची हकीकत दिली आहे. त्यामुळे ही कथा व्यापाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असावी, असे इतिहासकारांना वाटते.

जमीन मात्र वेगळेच सांगते. श्रीलंकेत उत्खननांत सोन्याचे नोमिस्मा क्वचितच मिळतात. सापडतात ती चौथ्या-पाचव्या शतकातील रोमन साम्राज्याची बारीक ब्राँझची नाणी, आणि तीही हजारोंनी. तमिळनाडूत मदुराई आणि करूर भागातही अशी नाणी मिळाली आहेत. ती इतकी लोकप्रिय झाली की, श्रीलंकेतील कारागिरांनी त्यांच्या ओबडधोबड नकला पाडल्या. सोने राजाच्या दरबारात गेले आणि वितळून दागिना झाले. बारीक मोड बाजारात फिरली, हातातून पडली, मातीत राहिली आणि दीड हजार वर्षांनी साक्ष द्यायला उभी राहिली.

रोमन सोन्याचे नाणे पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते, आणि ही ख्रिस्ती साम्राज्यावरील देवाची कृपा आहे, असे कॉसमसला वाटत असे. येथे आपण त्याच्याशी सहमत होण्याची घाई करू नये. त्याच्याच हयातीत, इ. स. ५४१ मध्ये, इजिप्तमध्ये प्लेगची भयंकर साथ आली. ती अलेक्झांड्रियात शिरली आणि पुढच्याच वर्षी राजधानीत पोहोचली. नाण्यावर क्रूस होता म्हणून कोणी वाचला नाही. कैसराच्या नाण्याविषयी प्रभूला विचारले गेले तेव्हा त्याने नाण्यावरची प्रतिमा दाखवून कैसराचे आणि देवाचे वेगळे केले. कॉसमसने ते पुन्हा एकत्र केले. आपले राष्ट्र, आपला पैसा आणि देवाची मर्जी यांची सांगड घालण्याचा मोह प्रत्येक काळात होतो, आपल्या काळातही होतो.

पृथ्वीचा पेटारा

उतारवयात कॉसमसने व्यापार सोडला आणि मठवासी जीवन स्वीकारले. डोळे अधू झाले होते, पोटाचे दुखणे होते, आणि शाळेतले अलंकारशास्त्र आपण शिकलो नाही याची त्याला जाणीव होती. पाम्फिलस नावाच्या मित्राने आग्रह केला म्हणून त्याने इ. स. ५४७ ते ५५० च्या सुमारास 'ख्रिस्ती भूवर्णन' हा ग्रंथ लिहिला. आज त्याचे १२ भाग मिळतात.

ग्रंथाचा हेतू एकच : पृथ्वी गोल नाही हे सिद्ध करणे. निर्गमच्या पुस्तकात मोशेने निवासमंडप उभारल्याचे वर्णन आहे. तो निवासमंडप म्हणजे साऱ्या विश्वाचा नमुना, असे कॉसमसने धरले. म्हणून पृथ्वी सपाट, लांबीला रुंदीच्या दुप्पट, आणि वर आकाश गोलाकार झाकणाच्या पेटाऱ्यासारखे. उत्तरेला एक प्रचंड पर्वत, त्याच्याआड सूर्य गेला की रात्र.

त्या काळी सगळी ख्रिस्तसभा असेच मानत होती, असा एक समज आपल्या सुशिक्षित मंडळींतही आहे. तो खरा नाही. त्याच अलेक्झांड्रियात त्याच काळात जॉन फिलोपोनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ होता. उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना त्याने पृथ्वी गोल असल्याचे मान्य केले आणि पवित्र शास्त्र हे खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक नव्हे, ते देवाची ओळख करून देण्यासाठी आहे, अशी भूमिका घेतली. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचे महाधर्माध्यक्ष फोटियस यांनी कॉसमसचा ग्रंथ वाचला आणि त्याची भाषा सामान्य व मजकूर अविश्वसनीय असल्याचा शेरा मारला. ख्रिस्ती विद्वानांनी त्याचा सिद्धान्त मनावर घेतलाच नाही.

कॉसमसची चूक श्रद्धेची नव्हती, पद्धतीची होती. निष्कर्ष त्याने आधीच ठरवला होता आणि वचने त्याला जुळवीत गेला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना पहिल्याच वर्षी हा धोका शिकवला जातो. पवित्र शास्त्रावर प्रेम असणे वेगळे आणि त्याला नको ते प्रश्न विचारणे वेगळे.

पण हाच माणूस स्वतः पाहिलेल्या गोष्टींबद्दल लिहू लागला की, त्याची लेखणी किती सावध होते! गेंडा आपण इथिओपियात जिवंत पाहिला पण लांबून, आणि भुसा भरलेला एक जवळून पाहिला, असे तो सांगतो. पाणघोडा पाहिला नाही, पण त्याचे मोठमोठे दात आपल्याजवळ होते आणि ते आपण विकले. एकशिंगी प्राणी पाहिला नाही, फक्त त्याच्या चार ब्राँझच्या मूर्ती इथिओपियाच्या राजाच्या वाड्यात पाहिल्या. मिरीच्या वेलाचे आणि नारळाचे त्याने वर्णन केले आहे. नारळाला तो अर्गेलिया म्हणतो. आपल्या नारिकेल शब्दाचाच तो परदेशी जिभेवरचा अवतार. पाहिले ते पाहिले, ऐकले ते ऐकले, ठाऊक नाही ते ठाऊक नाही. व्यापाऱ्याचा चोख हिशेब होता तो.

त्याचा मृत्यू कधी झाला हे कोठेही नोंदलेले नाही. ग्रंथ मात्र टिकला. नवव्या शतकातील एक सचित्र प्रत व्हॅटिकनमध्ये आहे. अकराव्या शतकातील एक सीनाय पर्वतावरील मठात आणि एक फ्लॉरेन्समध्ये आहे. १८९७ साली मॅक्रिंडल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

आपल्यासाठी

हे सारे आजच का सांगायचे? आपल्या मुलांना शाळेत, कॉलेजात, ऑफिसात कधी ना कधी ऐकावे लागते की तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणला, तुम्ही बाहेरचे. असे ऐकल्यावर काही जण मान खाली घालतात. काही जण उलट टोकाला जाऊन मुंबईत पहिल्या शतकापासून घरोघरी ख्रिस्ती होते, असे ठोकून देतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

खरे उत्तर मोजून मापून द्यावे. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात १५३४ साली गेली. त्याच्या सुमारे हजार वर्षे आधी कल्याणला बिशप होते, हे एका समकालीन व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. १३२१ साली ठाण्याला चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. त्यांना तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने आसरा दिला होता. म्हणजे त्या काळीही येथे ख्रिस्ती घरे होती. मात्र कल्याणची ती ख्रिस्तसभा इराणशी जोडलेली होती, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांचा बाप्तिस्मा सोळाव्या शतकात किंवा त्यानंतरचा आहे. हे सांगण्यात कमीपणा मुळीच नाही. १९८८ साली सिरो-मलबार परंपरेच्या श्रद्धावंतांसाठी या भागात नवा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याला कल्याणचेच नाव देण्यात आले. जुन्या नोंदीचा असा मान राखला गेला.

मंदिराच्या दानपेटीत विधवेने टाकलेली दोन लहान नाणी प्रभूने पाहिली, हे आपण संत मार्कच्या शुभवर्तमानात वाचतो. ती तांब्याची अगदी हलकी नाणी होती. देणारीने जवळ होते तेवढे सगळे टाकले म्हणून त्यांना मोल आले. कॉसमसचा बारा भागांचा ग्रंथ त्याला स्वतःला मोठा वाटत होता. ख्रिस्तसभेच्या कामी आले ते त्यातील एक खरे, साधे, लहानसे वाक्य. आपल्यापैकी प्रत्येकाला ग्रंथ लिहिता येणार नाही, पण आपण जे पाहिले ते न फुगवता सांगणे आणि लिहून ठेवणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या घरी आजी-आजोबांच्या पेटीत जुनी बाप्तिस्म्याची प्रमाणपत्रे, लग्नपत्रिका, चाळीतील क्रूसाच्या सणाचे फोटो, गिरणीतील हजेरीचे पास, जुनी पत्रे असतील तर ती रद्दीत टाकू नका. मागे पेन्सिलीने नाव, साल आणि ठिकाण लिहून ठेवा. जे नक्की माहीत नाही ते लिहू नका, जे माहीत आहे ते सोडू नका. ज्येष्ठ मंडळी आपल्यात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारा. परळ-लालबागच्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास पुढे कोणी लिहील, तेव्हा त्याला अशाच एखाद्या ओळीचा आधार लागणार आहे.

कल्याणच्या त्या अनामिक बिशपांना, त्यांच्या कळपाला आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला या रविवारच्या प्रार्थनेत आपण आठवूया.

आपला,
धर्मगुरू